विड्यांच्या ओट्यावरची कादंबरी

विड्या वळणाऱ्या बाईचे हात गुंतलेले असतात, डोळे गुंतलेले असतात, कान तेवढे मोकळे असतात. हे मी शोधून काढलेलं नाही. आमच्या गल्लीतला ट्रान्झिस्टर बंद पडला तेव्हा माझ्या आईने ते शोधून काढलं, आणि माझं पुढचं सगळं आयुष्य त्यातून निघालं. आईला हे सांगितलं तर ती म्हणेल, "उगं माझ्यावर घालू नकोस." पण खरं ते खरं.

संगमनेरात नदीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत आम्ही राहायचो. नव्वदनंतरची पहिली काही वर्षं. गल्लीत हिंदू घरं होती, मुसलमान घरं होती, बौद्ध घरं होती, आणि सगळ्यांच्या दारात एकच चित्र: भिजवलेली पानं, पानं कापायचा पत्र्याचा साचा, कात्री, आणि मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन बसलेली बाई. दुपारची जेवणं उरकली की या सगळ्या बायका खालाच्या ओट्यावर जमायच्या. खाला म्हणजे आमच्या समोरच्या घरातली मुसलमान म्हातारी. ओटा तिचा, ओट्यावरची लिंबाची सावली तिची, आणि कुठल्याही विषयावर पहिलं बोलायचा मानही तिचाच.

मी सकाळी कॉलेजला जायचे आणि दुपारी आईशेजारी वळायला बसायचे. आईचा हात असा की विडी जन्मालाच सरळ येई. माझ्या विड्या एकतर पोटात फुगायच्या, नाहीतर तोंडाशी उसवायच्या. कारखान्यातला चेकर त्या मुठीने उचलून छाटात, म्हणजे नापास मालात, फेकायचा आणि वर आईला म्हणायचा, "हा माल पोरीचा ना?" आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर एका दुपारी ट्रान्झिस्टर बंद पडला. बायका कंटाळून एकमेकींच्या सासवांवर घसरल्या, आणि त्यातल्या दोन सासवा तिथेच बसलेल्या होत्या. भांडण पेटायच्या आत आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या हातून विड्या तर व्हईनात. तोंडानं तरी उपयोगी पड. वाच त्या पिशवीतलं काहीतरी."

पिशवीत गावातल्या वाचनालयाची एक कादंबरी होती. मी वाचायला लागले. मनातल्या मनात वाचायची सवय, त्यामुळे आधी आवाजच फुटेना. खाला म्हणाली, "घास गिळून वाच गं, कोन तुझं पुस्तक हिसकावतंय?" मग मी मोठ्याने वाचलं. दिवे लागायच्या वेळेला थांबले तेव्हा ओट्यावर कोणी उठायला तयार नव्हतं. आणि उठताना खालाने आपल्या ढिगातल्या मूठभर विड्या उचलून माझ्या सुपात टाकल्या. "वाचनारीचा माल बुडायला नको," ती म्हणाली. तिचं बघून दुसरीने मूठ टाकली, तिसरीने टाकली. त्या दिवशी माझ्या नावावर गेलेल्या मालात चेकरला एकही छाट सापडला नाही. त्याने दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

तेव्हापासून ती रीतच पडली. मी वाचायचं, आणि उठताना प्रत्येकीने माझ्या सुपात मूठ टाकायची.

आता मला सांगायचंय ते हे की, पुस्तकं मी लहानपणापासून वाचत होते, पण पुस्तक म्हणजे काय हे मला त्या ओट्यावर कळलं. मी एकटी वाचायचे तेव्हा फार तर डोळ्यांत पाणी यायचं, ते पुसून मी पान उलटायचे. या बायका तसलं काही करत नसत. त्या पुस्तकाच्या आत शिरून भांडायच्या. गोष्टीतली मुलगी नको त्या माणसावर विश्वास ठेवायला लागली की खाला ओरडायची, "अगं ये, दार लाव! दार लाव म्हनते ना!" कोणी म्हणायची, "ह्याच्या आईनं ह्याला लाडावून ठेवलाय, दुसरं काय?" एखाद्या पानावर सगळ्या गप्प झाल्या की मला ओट्यावर फक्त विडीच्या पानांची कुरकुर ऐकू यायची, आणि थोड्या वेळाने तीही थांबायची. सगळे हात थांबलेले! ज्या बायका ताप आला तरी वळायच्या थांबत नसत, त्यांचे हात कुठल्याशा माणसाने कुठेतरी बसून लिहिलेल्या चार ओळींनी थांबवले होते. तो माणूस या गल्लीत कधी आला नव्हता, त्याला विडी कशी वळतात हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. माझ्या अंगावर सरसरून काटा यायचा. आजही ते आठवलं की येतो.

त्याच कादंबरीतली मुलगी शेवटाकडे मरते. ते प्रकरण मी एका दुपारी वाचलं. वाचताना माझाच आवाज फुटला. वर पाहिलं तर ओटाभर बायका पदराने डोळे पुसत होत्या, तंबाखूच्या हाताने, त्यामुळे डोळे आणखी झोंबत होते आणि आणखी पाणी येत होतं. त्या दिवशीच्या विड्यांची तोंडं उघडीच राहिली. चेकर म्हणाला, "आज काय झालं काय तुमच्या गल्लीला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात खाला उभी. तिच्या मागे आणखी दोघी. हातात फडक्याने झाकलेली पातेली. एकात पिठलं, एकात भात, टोपलीत भाकरी. आमच्याकडे ज्या घरात कोणी गेलं, त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे शिजवून आणतात. कडू घास म्हणतात त्याला. पिठलं-भाकरी पाहून आईच्या तोंडचं पाणी पळालं. वडील मळीच्या टँकरवर ड्रायव्हर, आदल्या दिवशी राहुरीकडे गेलेले, अजून परतले नव्हते.

"काय झालं?" आई कशीबशी म्हणाली. "कोन गेलं?"

"ती गेली न्हवं का काल," खाला म्हणाली. "पुस्तकातली. तुमच्याच घरात हुतं ना पुस्तक? मंग तुमच्याच घरात गेली म्हनायची. रातभर डोळा लागला न्हाई बघ माझा."

आई दाराला धरून खाली बसली. मग जी उठली ती अशी, की विचारू नका. "माझ्या भरल्या घरात कडू घास? धनी बाहेरगावी गेलाय माझा, आन तुमी पिठलं घेऊन येता? अक्कल हाय का जागेवर?" खाला जागची हलली नाही. ती म्हणाली, "अगं, खोटीनाटी का असंना, पोर आमच्यासमोर गेली. तिला कोन हाय आमच्याबिगर?"

मी आतल्या खोलीत उभी होते. हसायला येत होतं आणि रडायलाही. कागदावरच्या मुलीसाठी कोणी पिठलं ढवळतं? ढवळलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर ते पातेलं होतं, वाफ निघत होती. ज्याने ती मुलगी लिहिली त्याला हे कधीच कळणार नव्हतं, आणि मला मात्र कळलं होतं. मला वाटलं, देवळात जायचं ते याच्यासाठीच असेल, आपल्याहून मोठं काहीतरी चालू आहे हे बघायला. वडील दुपारी सुखरूप आले आणि तेच पिठलं खाऊन झोपले.

पण आईने हुकूम सोडला. "हितून पुढं माझ्या घरात कुनी मरायचं न्हाई. पुस्तकातबी न्हाई. मरनाचं पुस्तक आनलंस तर तंगडं मोडीन."

मी वाचनालयात गेले. तिथले गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोणीच मरत नाही अशी कादंबरी पाहिजे? मग पंचांग ने. पण त्यातही ग्रहण लागतं हो, आईला आधी विचार." मी चिडून परत आले. दोन-चार पुस्तकं चाळली, प्रत्येकात कोणी ना कोणी दगावत होतं. आणि ओट्यावरून रोज विचारणा: "काय गं, आज न्हाई का वाचायचं?"

तेव्हा मी स्वतःच लिहायला घेतलं. धाडस वगैरे काही नाही, नाइलाज. अर्थशास्त्राच्या तासाला मागच्या बाकावर बसून मी सुट्या कागदांवर लिहायचे, दुपारी ते कागद वाचनालयाच्या जाड पुस्तकात घालायचे, आणि पुस्तक उभं धरून छापलेलं असल्यासारखं वाचायचे. अक्षर माझं, पुट्ठा दुसऱ्याचा. कोणाला पत्ता लागला नाही.

माझ्या गोष्टीत एक बाई होती. नवऱ्याने टाकलेली. मी तिला उंच केलं, गोरं केलं, शिलाई मशीन दिलं, आणि मी कधी न पाहिलेल्या समुद्रकाठच्या गावात नेऊन ठेवलं. एवढं सगळं केलं ते कशासाठी, तर ती कोणाची कोणी ओळखू नये म्हणून. कारण टाकलेल्या बाया आमच्या तालुक्यात काय कमी होत्या, पण मी जवळून पाहिलेली एकच होती, आणि ती ओट्याच्या कोपऱ्यात बसून माझंच वाचन ऐकत असायची.

तिला आम्ही सगळे ताई म्हणायचो. गल्लीच्या टोकाच्या घरात भावाकडे राहायची. लग्नानंतर वर्षभरात नवऱ्याने माहेरी आणून सोडली आणि दुसरी केली. फारकत नाही, काही नाही. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू, आणि त्या घरात मोलकरणीचं जिणं. हात असा चालायचा की आईसुद्धा मान डोलवायची. बोलायची मात्र कधीच नाही. बाकीच्या गोष्टीतल्या माणसांशी भांडायच्या, ही नुसती ऐकायची. वाचन संपलं की आपली मूठ माझ्या सुपात टाकून निघून जायची.

गोष्ट पुढे सरकेना म्हणून मी एक दिवस लिहिलं, की त्या बाईच्या नवऱ्याची दुसरी बायको वारली, आणि आता तिला परत बोलावणं आलंय. मरण होतं, पण मी ते लांबच्या गावात, एका ओळीत उरकलं. आईने डोळे वटारले, पण चालवून घेतलं. ओट्यावर मात्र खळबळ. "आता आली व्हय आठवन!" खाला कडाडली. दुसरी म्हणाली, "पन लेकरं आसतील की गं त्या दुसरीची. त्यांचं काय?" मी लेकरांचा विचारच केला नव्हता. दुसऱ्या दिवशी दोन लेकरं लिहून टाकली.

आणि त्याच आठवड्यात बातमी आली. ताईच्या नवऱ्याची दुसरी बायको बाळंतपणाच्या आजारात गेली होती. मागे दोन लहान पोरं. पुणतांब्याच्या बाजूला त्यांचं गाव. तिकडून सांगावा आला, की रविवारी न्यायला येतो, तयारी ठेवा.

मला वाटलं, हे मी केलंय. मी लिहिलं आणि कुठेतरी एक बाई मेली. रडत रडत मी आईला सगळं सांगितलं, कागद मी लिहिते इथपासून. आईने आधी कपाळाला हात लावला, मग म्हणाली, "तू काय ब्रह्मदेव लागून गेलीस काय? असं दर गल्लीत घडतं. तू घडनारंच लिहिलंस." तिला मला धीर द्यायचा होता. पण त्या वाक्याने माझी झोप उडाली. घडणारंच लिहिलं जातं, हे ऐकायला सोपं वाटतं. लिहिणाऱ्याला भीती वाटावी असं आहे ते.

भावाला तर बरंच झालं होतं. "नांदायला जाती बाई, यापरीस चांगलं काय?" असं तो गल्लीभर सांगत होता. ताईला कोणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती.

सोमवारी पहाटे नळावर तिने मला गाठलं. हंडा भरत होता. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "ती जाते का गं?"

"कोण?"

"तुझी ती. शिलाई मशीनवाली."

"पुढं वाचल्यावर कळंल की, ताई."

"पुस्तकं निळ्या शाईत कधीपास्नं छापाया लागली?" ती म्हणाली. "परवा वाऱ्यानं एक कागद उडाला तुझा. मीच उचलून आत घातला. चौथीपत्तोर शिकलेय मी." मी गोरीमोरी झाले. ती म्हणाली, "कुनाला बोलले न्हाई. पर मला सांग. जाते का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही, ताई." आणि खरंच माहीत नव्हतं. मी वीस वर्षांची पोर. नवरा म्हणजे काय, सासर म्हणजे काय, भावाच्या दारात इतकी वर्षं ताट वाढून घेणं म्हणजे काय, मला काय कळत होतं? ती गेली तर तिथे ती आयुष्यभर भांडी घासणार हे दिसत होतं. नाही गेली तर भाऊ घराबाहेर काढणार हेही दिसत होतं. आणि ही बाई मला विचारत होती, माझ्या अर्थशास्त्राच्या तासाला लिहिलेल्या गोष्टीला विचारत होती!

"मंग लवकर लिही," ती हंडा उचलत म्हणाली. "रविवारच्या आत."

त्या दुपारी मी वाचलं: न्यायला आलेली माणसं ओसरीवर बसली आहेत, आणि ती बाई आतून येऊन रडत रडत विचारते, की इतकी वर्षं तुम्ही कुठे होतात? ओट्यावरच्या बायकांनी चुकचुक केली. मला वाटलं, जमलं. पण मंगळवारी पहाटे नळावर ताई म्हणाली, "कालचं नको. लई रडली ती. रडली की हरली. पुन्ना लिही."

मी पुन्हा लिहिलं. ओट्यावर सांगितलं, काल मी पान चुकून वाचलं, खरं पान हे. यावेळी बाई तोंडाला येईल ते बोलली, पाहुण्यांचा उद्धार केला. खाला खूश. म्हणाली, "अस्सं! घाल आनखी दोन!" पण बुधवारी पहाटे ताईने मान हलवली. "शिव्या दिल्या की समद्यांना बरं वाटतं. म्हनत्यात, बगा कशी हाय, म्हनूनच टाकली. पुन्ना लिही."

मग मी गोष्टीतल्या बाईच्या भावाला बोलायला लावलं. ते ताईने ऐकूनही घेतलं नाही. "भावाच्या तोंडातनं भावाचंच निघंल," ती म्हणाली.

असं चाललं होतं. मी लिहायचे, दुपारी वाचायचे, पहाटे ती मोडायची. ओट्यावर गोंधळ उडाला होता. "किती चुकीची पानं हायती गं ह्या पुस्तकात!" खाला वैतागून म्हणाली. आणि मला हळूहळू वेगळंच काहीतरी जाणवायला लागलं. ताई मला शेवट विचारत नव्हती. ती त्या बाईला उभी करून बघत होती. असं उभं राहिलं तर कसं दिसेल, असं बोललं तर ऐकणारे काय म्हणतील. ओटाभर बायका काय बोलतात ते ती कोपऱ्यात बसून ऐकत होती, विडीला दोरा गुंडाळत, मान खाली घालून. गोष्टीतल्या बाईला लोक काहीही बोलू शकत होते, कारण ती कोणाची नव्हती. ताईला तोंडावर कोणी असं बोललं नसतं.

शुक्रवारी ती म्हणाली, "तिला उभी कर. बसून न्हाई बोलायची ती. पदर डोक्यावर आसू दे. पर मान वर."

"आणि काय बोलते?"

"ते सुचंना मला अजून. तू सोड ते. तिथं मोकळी जागा ठेव."

"मोकळी जागा वाचू कशी, ताई?"

"गप ऱ्हा तिथं. बायका बोलतील."

शनिवारी मी तसंच केलं. बाई उभी राहिली, पदर डोक्यावर, मान वर, आणि ती म्हणाली... इथे मी थांबले. लिंबावर एक कावळा तेवढा ओरडत होता. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. कोणी म्हणे, जा, बाई, नवऱ्याचं घर ते नवऱ्याचं घर. कोणी म्हणे, खबरदार गेलीस तर. लेकरांचं नाव निघालं की आवाज खाली येत होते. माझी आई, जी कधी मधे बोलायची नाही, ती म्हणाली, "जायचं का ऱ्हायचं ते ऱ्हाऊ द्या. तिला आधी कुनी इचारलं का?" ताईने त्या क्षणी वर पाहिलं. सगळा आठवडा मी तिला वर पाहताना बघितलं नव्हतं.

रविवारी सकाळी जीप आली. नवरा आलाच नव्हता. त्याचा थोरला भाऊ आणि एक आत्या. ताईच्या भावाने घरापुढे बाज टाकली, पोहे झाले, चहा झाला. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात, कोणाच्या हातात सूप, कोणाच्या हातात केरसुणी, नुसत्या धरलेल्या. मी खालाच्या ओट्यावर होते. ताईचं गाठोडं भावजयीने आधीच बांधून उंबऱ्याशी ठेवलं होतं.

ताई बाहेर आली. उभी राहिली. पदर डोक्यावर होता आणि मान वर होती. मी ते आधी पाहिलं होतं. मी ते लिहिलं होतं! माझ्या फाटक्या कागदातून उठून ती बाई भर सकाळी आमच्या गल्लीत येऊन उभी होती, आणि पुढची ओळ माझ्याजवळ नव्हती.

"तुमी आलात, बरं केलंत," ताई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या दारापर्यंत गेला. "ती पोर गेली, लई वाईट झालं. तिच्या लेकरांवर माझा राग न्हाई. सुट्टीत हिकडं धाडा, मी करून घालीन, न्हाऊ घालीन. पर मी येनार न्हाई. मला टाकलं तवा मी कुनाला इचारलं न्हाई, का टाकलं. आता मला कुनी इचारू नका, का येत न्हाई."

रडणं असतं तर समजूत घालता आली असती. शिव्या असत्या तर उलट देता आल्या असत्या. या बोलण्याला धरायला कुठे जागाच नव्हती. नवऱ्याचा थोरला भाऊ उठला, कपडे झटकले, आणि जीप गेली.

मग मात्र तिचा भाऊ भडकला. "मंग ह्याबी घरात ऱ्हायचं न्हाई! उचल ते गाठोडं!" आणि आमच्या दाराकडे बोट दाखवून, "ह्यांच्या पोरीनं पुस्तकं वाचून वाचून नासवली हिला." आई कमरेवर हात ठेवून उभीच होती. ती म्हणाली, "आमच्या पोरीला अजून सरळ विडी वळता येत न्हाई, ती काय कुनाला नासवतीय? भनीला इचारायचं असतं, ते आधी शिक."

ताईने गाठोडं उचललं. एका हातात ते, दुसऱ्या हातात आपलं सूप. सरळ चालत खालाच्या ओट्यावर आली आणि माझ्या शेजारी बसली. खालाने आतून पाणी आणून दिलं, ते तिने सगळं पिऊन टाकलं. मी तिच्याकडे बघत राहिले. मला तिच्या पाया पडावंसं वाटत होतं, आणि तिच्याशी बोलायची भीतीही वाटत होती.

तिने तोंड पुसलं. म्हणाली, "हं. वाच पुढचं."

"पुढचं नाही लिहिलं, ताई. तिथंच संपतं ना ते. ती नाही जात, झालं की."

"झालं की?" ताईने माझ्याकडे असं पाहिलं, की आजतागायत कुठलीही गोष्ट संपवताना ती नजर माझ्या पाठीवर असते. "बाईला गाठोडं घेऊन रस्त्यावर आनलीस, आन म्हनतीस झालं? तिला खोली बघायची का न्हाई? भाडं कुठनं द्यायचं, चूल कुठं मांडायची, पैल्या राती एकलीला झोप येती का न्हाई, हे कोन लिहिनार?"

मी पुस्तकातून एक कोरा कागद काढला आणि तिथेच ओट्यावर लिहायला बसले. ताई विड्या वळत मधूनमधून सांगत होती.